साहेब मागे उभे असताना

तीन दिवस आमचं बिल्ड कोसळत होतं. बिल्ड म्हणजे दहा जणांनी लिहिलेल्या कोडची एक मोट बांधायची. ते काम कोपऱ्यातला सर्व्हर करतो, आणि तोच मेला मध्येच मान टाकायचा. मी कोड पिंजून काढला, सर्व्हरच्या नोंदींचे लॉग वाचून डोळ्यांच्या खाचा केल्या, शेजारच्या टेस्टरबाईंशी उगाच भांडलो.

शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो, साहेब 'झालं का?' विचारायला तुमच्या मागे येऊन उभे राहिले की ते पडतं. अकरा वेळा बघितलंय मी."

"म्हणजे सर्व्हर साहेबांना घाबरतो?"

"आपण नाही का घाबरत?"

साहेब जेवायला गेल्यावर मी माझ्या खुर्चीमागे, ते उभे राहतात तिथेच उभा राहून पाहिलं. काही झालं नाही. मग टेस्टरबाईंनाही त्याच फरशीवर बोलावलं. फरशी सैल होती. आम्हा दोघांच्या वजनाने ती खचली, खालची सर्व्हरची वायर दबली आणि बिल्ड गेलं.

आता हे साहेबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मी फरशीवाल्याला उद्या बोलावलं आणि रिपोर्टात मोघम लिहिलं, "कारण: वरून येणारा दबाव."

रिपोर्ट वाचून साहेब तडक माझ्याकडे निघाले आणि त्या फरशीच्या एक पाऊल अलीकडे थांबले. बिल्ड नव्व्याण्णव टक्क्यांवर होतं.

"शाब्बास! कुणीतरी हे लिहायलाच हवं होतं," ते गहिवरून म्हणाले. "ही वरची माणसं आपल्याला कामच करू देत नाहीत!"

आणि त्यांनी एक पाऊल पुढे येऊन, नेमका त्याच फरशीवर, जोरात पाय आपटला.