दोऱ्याचा वजीर

आमच्या घरातला वजीर राजापासून तीन घरांपेक्षा लांब जात नसे. सरळ जाई, तिरका जाई, मागेही येई, घोड्यासारखी उडी मात्र मारत नसे. तेवढं सगळं जगासारखंच. फक्त तीन घरांवर दोरा संपायचा.

बाबा शिंपी. पटावरचा पांढरा वजीर हरवला तेव्हा त्यांनी त्याच्या जागी रिकामं रीळ उभं केलं. ते सारखं गडगडत मशीनखाली जायचं, म्हणून दोऱ्याने राजाला बांधलं. मग अन्याय नको म्हणून काळ्या वजिरालाही दोरा. ताई आणि मी हाच खेळ शिकलो. वजिराला लढाईवर धाडायचं तर मागोमाग राजालाही न्यावं लागे, आणि तो एकेक घर चालत, गुडघे धरल्यासारखा, शत्रूच्या मुलखात पोचे. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. बुद्धिबळाला वेळ लागतो हे तर सगळेच म्हणतात.

पुढे ताई शिवणाच्या वर्गाला जाऊ लागली. तिथे एका मैत्रिणीने वजीर एका दमात पटाच्या या टोकाकडून त्या टोकाला नेला. राजा जागेवरच. ताईने बाईंकडे तक्रार केली. बाईंनी तिलाच समजावून परत पाठवलं.

घरी आल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ऐक, वजिराला दोरा नसतो."

"मग तो परत कसा येतो?"

"वाटलं तर येतो."

बाबांना आम्ही काही बोललो नाही.

मग ताईला लांबच्या शहरात, कोटांच्या कारखान्यात नोकरी लागली. बाबांना ती दुकानात हवी होती. आमच्याकडे वाद पटावर मिटतात: पडद्यांचा रंग, दातांच्या डॉक्टरकडे आधी कोण जाणार, सगळं. बाबा म्हणाले, "जिंकलीस तर जा." आमचे पडदे बघितले की आजवर कोण जिंकत आलंय ते कळतं.

रविवारी दुपारी कापडं बेतायच्या टेबलावर पट मांडला. आई शेजारी काजं करत बसली. बरीच मारामारी झाली. शेवटी बाबांचा राजा कोपऱ्यात, स्वतःच्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला. ताईचं रीळ शेवटच्या ओळीत गेलं की मात. वाट मोकळी होती. दोरा एक घर कमी पडत होता.

ताईने रीळ चिमटीत धरलं. "बाबा, खऱ्या खेळात वजिराला दोरा नसतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू नव्हतीस तेव्हापासून."

"मग आम्हाला असं का शिकवलंत?"

"मशीनखाली मला वाकावं लागायचं. तुम्ही दोघं आपले हात झटकून मोकळे." मग म्हणाले, "कात्री तिथेच आहे. तोड हवं तर."

"आणि तुम्ही जन्मभर म्हणणार, लबाडी करून गेली."

"म्हणेन की."

ताईने रीळ खाली ठेवलं आणि आपल्या राजाला एक घर पुढे सरकवलं. आता दोरा पुरत होता, पण खेळी बाबांची होती. राजासमोरचं एक प्यादं पुढे केलं की त्यांचा राजा सुटत होता. ते मलाही दिसलं. मी तोंड उघडलं तर आईने माझ्या पायावर पाय दिला. "सुई पडलीय, हलू नकोस," असं म्हणाली. सुई तिच्या हातातच होती.

बाबा पटाकडे बघत राहिले. रस्त्यापलीकडे चालणाऱ्या माणसाच्या पँटची तिरकी शिवण त्यांना दुकानातून दिसते. त्यांनी पटाच्या दुसऱ्या टोकाचं, कोणाच्या अध्यात न मध्यात असलेलं प्यादं एक घर पुढे केलं.

ताईने रीळ शेवटच्या ओळीत नेलं. "मात," असं अगदी हळू म्हणाली. मग त्या प्याद्याकडे बघत राहिली.

"हे का हलवलंत?"

"हललं," बाबा म्हणाले आणि उठून टेप घेऊन आले. "उभी राहा. हात सैल सोड. तिकडे थंडी असते."

"बाबा, कोटांच्या कारखान्यात घरून कोट घेऊन जाऊ?"

"त्यांच्या कोटांचे खांदे उतरतात," असं म्हणून बाबा तिच्या मागे गेले आणि पाठीवर टेप धरून बराच वेळ तिथेच उभे राहिले.