बिरोबाच्या माळावरचं लाल फडकं

मी दुर्बीण बोलतेय. डोळ्याला खुशाल लावा, पण लगेच विश्वास ठेवू नका. मी तर कुणावरच ठेवत नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारातून मेहमूदचाचांनी मला केडगावला आणलं, चार दिवस पाखरं बघितली आणि कपाटात टाकून दिलं. माणसांची हौस अशीच. पुढं त्यांच्या लेकीनं, महेजबीननं, मला बाहेर काढलं. तिचं काम लांबच्या गावांना बिनतारी इंटरनेट पोचवायचं. दोन टोकांच्या मध्ये झाड नाहीतर चढ आडवा आला की गाडं अडलंच. म्हणून आधी मी बघते, मग खांब उभा राहतो.

यंदा काम होतं एका धनगरवाडीच्या आरोग्य उपकेंद्राचं. तिथं फोनला रेंज नाही. अडलेल्या बाईसाठी गाडी बोलवायची तरी नर्स प्रतिभाताई गच्चीवर फोन उंच धरून फिरतात. महेजबीननं त्याच गच्चीवर वेळूला लाल फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकावरून, म्हणजे कुरकुंभकडच्या टेकडीवरून, ते दिसलं, की जागा पक्की.

"काय मोजतीस गं पोरी?" वाडीतल्या म्हाताऱ्या गेणबा आबांनी विचारलं.

"इंटरनेटसाठी बघतेय, आबा."

"समदे आसंच म्हंत्यात. आधी फडकी येत्यात, मंग कारखानं. जमिनी जात्यात आमच्या."

म्हातारा मला वरखाली न्याहाळत होता. मला तो मुळीच आवडला नाही.

सकाळी आबा टेकडीवर हजर, आमच्यावर नजर ठेवायला. महेजबीननं मला डोळ्याला लावलं. उन्हाच्या झळांत तिला लाल ठिपका तेवढा दिसला. "दिसलं, मध्ये काही नाही," ती म्हणाली. मला मात्र खटकलं. फडक्याखाली गच्ची कुठं होती? नुसता माळ होता. माझा संशय सरळ आबांवर गेला, पण मला बोलता कुठं येतं?

"तुम्ही पण बघा, आबा," म्हणत तिनं मला त्यांच्याकडं दिलं. आबांनी मला फडक्यावर धरलंच नाही, थेट उपकेंद्राकडं वळवलं. गच्चीवर प्रतिभाताई फोन उंच धरून घिरट्या घालत होत्या. खाली पायरीवर आबांची सून सोनम, दिवस भरलेली, पोट धरून वाकली होती.

आबांनी मला डोळ्यावरून खाली घेतलं. "पोरी, ते फडकं खोटं हाय. म्याच नेलं बिरोबाच्या माळावर. म्हटलं, देवाची जमीन कोन घेतंय? दवाखाना हिकडं हाय. सून अडलीय माझी."

टेकडीवर रेंज होती. महेजबीननं आधी गाडीला फोन लावला, मग मला घेऊन खरी जागा बघितली. वाट मोकळी होती.

"जमीन जायची न्हाई ना?"

"नाही जायची. आमची कारखान्यात गेलीय, आबा. तुम्हाला खोटं कशी सांगू?"

त्यांना पटलं का, कुणास ठाऊक. त्यांनी मला परत मागून घेतलं आणि रस्त्यावर धरून बसले. गाडी वाडीकडं वळली, सोनमला आत घेतलं, दार लागलं, तरी ते मला सोडेनात.

आता मी महेजबीनच्या पिशवीत असते. उपकेंद्रावर खांब उभा आहे. माझं एवढंच मागणं, बाबांनो: संशय घ्या, भांडा, मला हिसकावून स्वतः बघा, पण खूण हलवू नका. तिच्या खाली कोण वाट बघत बसलंय, ते दर वेळी लांबून दिसत नाही.