दोन वाट्या

पहिले तीन महिने हर्षालीला अन्न नुसतं दिसलं तरी मळमळायचं, आणि तेव्हा घरात कुणाला तिची आठवण नव्हती. उलटी करून ती बाहेर आली की सासूबाई टीव्हीचा आवाज जरासा कमी करायच्या आणि म्हणायच्या, आम्ही नाय का काढली बाळंतपणं, बागेत राबता राबता? मग आवाज पुन्हा वाढायचा.

चौथा महिना लागला. उलट्या थांबल्या, भूक उघडली, पोट दिसायला लागलं, आणि हर्षाली एका रात्रीत सगळ्या आळीच्या मालकीची झाली. समोरच्या झुंबरबाई तर दारातून आत येताना चपला काढायच्या आधी पोटाला हात लावायच्या. पोट टोकदार हाय, पोरगाच. चेहरा उतरलाय, पोरगाच. उठताना उजवा हात टेकला, मग तर काय, बोलायलाच नको. हर्षाली दिंडोरीच्या शाळेत पाचवीला गणित शिकवायची. एवढ्याशा पुराव्यावर एवढं मोठं उत्तर तिने पोरांच्या वहीत खपवून घेतलं नसतं. पण इथे वही तिची नव्हती, पोट तिचं होतं, आणि पोटावर तिला लाल शाईने काही लिहिता येत नव्हतं.

बरं, चिडायची तर सोयच उरली नव्हती. सासूबाईंनी, म्हणजे साधनाबाईंनी, मोबाइलवर कुठेतरी ऐकलं होतं की पाचव्या महिन्यापासून गर्भाला सगळं ऐकू येतं. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी हर्षालीच्या पोटाला मोबाइल टेकवून स्तोत्रं लावायच्या. हर्षाली म्हणाली, आई, जरा आवाज कमी करता का, डोकं दुखतंय. तर उत्तर ठरलेलं. राग राग करू नको, बाळ ऐकतंय. झुंबरबाईंना तेवढा हात लावू नका म्हणून सांगा. बाळ ऐकतंय. मला शाळेला उशीर होतोय. हळू बोल, बाळ ऐकतंय. या दोन शब्दांनी त्या घराने तिचं तोंड असं बंद केलं होतं, की कुलपालाही लाज वाटावी. नवरा सोमनाथ शेतकीचा पदवीधर. द्राक्षाच्या बागेवर ड्रोनने फवारणी करायचा, हवामानाचा अंदाज मोबाइलवर बघून मजूर बोलवायचा. तो म्हणायचा, आईची हौस आहे गं, सोड ना. सोडायचं मात्र दर वेळी हर्षालीनेच.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला नाशिकला गेले तेव्हाही असंच. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बाळाचा मणका दाखवला, माळेत मणी ओवावेत तसा. मग हृदय दाखवलं, त्याची उघडझाप दाखवली. हर्षालीला रडूच फुटलं. डोळे पुसत ती बाहेर आली, तर सासूबाई खुर्चीच्या टोकावर बसलेल्या. मागच्या भिंतीवर गर्भलिंग सांगणं गुन्हा असल्याची पाटी.

मणका चांगला आहे, हृदय चांगलं आहे, हर्षालीने सांगितलं.

"ते झालं," साधनाबाई म्हणाल्या. "पण डॉक्टर सांगताना हसल्या का?"

परतीच्या वाटेवर गाडीत तेच दोनदा विचारून झालं. हर्षाली खिडकीबाहेर बघत बसली. आपल्या बाळाचं हृदय धडधडतंय ही बातमी या गाडीत कुणालाच नको आहे, हे तिला इतकं लागलं की घरी पोचेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. बाळासाठी मन शांत ठेवतेय, शहाणी हाय, असं त्याचंही कौतुक झालं.

म्हणूनच पहिली हालचाल जाणवली ती तिने कुणाला सांगितली नाही. मधल्या सुट्टीत ती मीठ लावलेला पेरू खात पेपर तपासत होती, आणि बेंबीच्या खाली काहीतरी बुडबुडलं, चहाच्या आधणाला पहिला बुडबुडा येतो तसं. तिने पेन खाली ठेवलं. पुन्हा झालं. त्या एका गोष्टीवर गावाचा हात नव्हता, झुंबरबाईंचा अंदाज नव्हता, स्तोत्र नव्हतं. तू कोणीही अस, तिने मनात सांगितलं, माझ्याकडे तुला कमी पडणार नाही. वचन दिलं खरं, पण हे घर ते पाळू देईल का, याचीच तिला तेव्हापासून धास्ती होती.

सातवा लागला तसं डोहाळेजेवण ठरलं. सिन्नरहून नणंद तृप्ती आली. सोमनाथहून मोठी, घरातली पहिली, बोलायला मोकळी आणि हौसेला वेडी. द्राक्षं भरायच्या शेडमध्ये झोपाळा टांगला, झेंडूच्या माळा सोडल्या. हर्षालीला हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात फुलांचा धनुष्यबाण. नामपूरहून हर्षालीची माय आली होती. व्याह्यांच्या घरात तिने आपला कोपरा धरला आणि लेकीला एवढंच विचारलं, "भूक लागनी का तुले?"

लागली होती म्हणजे काय, जीव चालला होता. हे महिनेच तसे. आता खाल्लं, की तासाभराने पोटात पुन्हा खड्डा. पण साडीची घडी नीट बसायला हवी म्हणून तृप्तीने सकाळपासून एका कपभर दुधावर ठेवलेलं. समोर बागेत हिरवेगार घड लटकत होते, पण कालच फवारणी झालेली, हात लावायची सोय नाही. मागे मसालेभाताचा वास सुटला होता. पोटुशीचं कौतुक करायला चाळीस बायका जमलेल्या, आणि त्या सगळ्या शेडमध्ये उपाशी एकटी पोटुशीच.

मग तृप्तीने पाटावर झाकलेल्या दोन वाट्या आणून ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हे सांगायची गरज कुणालाच नव्हती. तृप्तीने मोबाइल समोर धरला. बायका पुढे सरकल्या.

हर्षालीने डावीकडच्या वाटीवरचं झाकण उचललं. पेढा.

अख्खी शेड दणाणली. टाळ्या, हशा, झुंबरबाई तर उठून उभ्याच राहिल्या, मी म्हणत नव्हते का. साधनाबाईंनी सुनेच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. हर्षालीने पेढा तोंडात टाकला, तो कुठे गेला तेही तिला कळलं नाही. पोटात आग तशीच. लोक टाळ्या वाजवताहेत तोवर बर्फीही खाऊन टाकावी, एवढाच साधा विचार करून तिने उजवीकडची वाटी उघडली.

आत पेढा.

आधी तिला वाटलं चूक झाली असेल. मग तिने तृप्तीकडे बघितलं, तृप्तीने आईकडे बघितलं, आणि मिठाई आणणारा सोमनाथ शेडच्या दारात एकदम मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा राहिला. टाळ्या विरळ होत थांबल्या.

"बर्फी कुठे आहे?" हर्षालीने विचारलं.

हर्षालीने मान वळवून सोमनाथकडे बघितलं.

"घरात आहे का कुठे?"

"आणलीच नाही," सोमनाथ पुटपुटला. "आई म्हणाली, पाव किलो पेढेच आण."

म्हणजे या घराने मुलीसाठी एक वडीसुद्धा विकत घेतली नव्हती. हरायचा डावसुद्धा तिला खेळू दिला नव्हता. हर्षालीने हातातली वाटी पाटावर ठेवली. साधनाबाई पुढे झाल्या आणि हळूच म्हणाल्या, अगं राग राग नको करू, बाळ...

"ऐकतंय ना?" हर्षाली म्हणाली. आवाज तिने वर्गात चढतो तेवढाही चढवला नाही. "पाचव्या महिन्यापासून ऐकतंय, तुम्हीच सांगता. मग आत मुलगी असेल तर तिने आत्ता काय ऐकलं, आई?"

कोपऱ्यातून तिची माय उठून झोपाळ्यामागे येऊन उभी राहिली.

साधनाबाईंचा चेहरा उतरला. बायकांकडे पाठ करून त्या सुनेसमोर खाली बसल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला, की जवळच मोबाइल धरून उभ्या तृप्तीलाच काय तो ऐकू यावा.

"तुझं वाईट व्हावं म्हणून नाय ठेवले गं दोन. माझ्या वेळी बर्फी निघाली. माझी सासू भरल्या ताटावरून उठली, तिच्यामागं सगळ्या बायका उठल्या. मी एकलीच बसून ऱ्हायले. तुझ्यावर ती पाळी नको, म्हणून ठेवले."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. हर्षालीला कणव आली. पण राग तसूभर हलला नाही, उलट त्याला आता नेमकी जागा सापडली.

"मग दोन्ही वाट्यांत बर्फी का नाही ठेवली?"

झुंबरबाई पदर सारखा करत छताकडे बघू लागल्या. हर्षालीने मांडीवरचा धनुष्यबाण उचलून पाटावर ठेवला. बर्फी आल्याशिवाय मी ओटी भरून घेणार नाही, आणि तोवर मला कुणीतरी जेवायला वाढा, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. माय ताट आणायला वळली. सोमनाथ खिशातली गाडीची किल्ली चाचपत पुढे आला.

तृप्तीने मोबाइल कधीच खाली केला होता. ती आईकडे बघत होती.

"त्या वेळी पोटात कोण होतं, आई?" तिने विचारलं.

साधनाबाईंनी मान वर केली नाही. करायची गरजही नव्हती. घरातली पहिली कोण, हे चाळीस जणींना माहीत होतं.

तृप्तीने सोमनाथच्या हातातून किल्ली घेतली.

"तू थांब सोमा," ती म्हणाली. "बर्फी मी आणते."