गुळगुळीत ओटा

“आई, या ओट्याकडे बघवत नाही गं आता,” असं म्हणत लेकीने पर्स ओट्यावर ठेवली आणि लगेच उचलून पुन्हा खांद्याला लावली. जणू काही चिकटलंच असतं तिला.

“नको बघूस मग. चहा पी,” पेंटरीणबाई म्हणाल्या.

ओटा तसा बघण्यासारखा कधीच नव्हता. आधीच्या मालकाने लावलेल्या पिस्ता रंगाच्या टाइल्स होत्या आणि मधूनमधून एखाद्या टाइलवर तपकिरी फूल. त्या काळी असल्या फुलांची फॅशन होती म्हणे; कुठल्या काळी, ते मात्र कुणी सांगू शकत नसे. आता फुलं विटली होती, सांधे काळे पडले होते. गॅसजवळच्या टाइलचा कोपरा उडाला होता आणि सिंकच्या अलीकडची एक टाइल फुगून वर आली होती.

“माझ्या जावेने बघ नवा दगड बसवलाय. असा चकचकीत! तोंड दिसतं त्याच्यात.”

“आम्हीही बसवू की. मग पोटात काही गेलं नाही तरी दोघं बसू त्यात तोंड बघत.”

लेक हसली, पण नाक मुरडायचं ते मुरडलंच. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतली खुर्ची करकरली आणि पेंटरीणबाईंचा चहाचा हात थबकला. ती खुर्ची दुपारच्या वेळी कधी करकरत नसे. गॅरेजवाल्यांनी घरी बसवल्यापासून पेंटर तिच्यात जे बसले होते, ते जेवायला आणि झोपायला तेवढे उठत. रंगाच्या वासाने छाती भरते, असं कारण मालकाने दिलं होतं. खरं कारण म्हणजे गॅरेजमध्ये नवं यंत्र आलं होतं, आणि यंत्राला खोकला येत नाही.

पेंटर दारात येऊन उभे राहिले. “दगड कशाला हवा?” ते म्हणाले. “मी करतो. सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी भरायची, घासायचं, प्रायमर मारायचा, वर रंग आणि लॅकर. सामान पडलंय सगळं गॅलरीत. चार पैशांचं काम आहे. तुझ्या जावेला म्हणावं, ये बघायला.”

“बाबा, खरंच?” लेक म्हणाली.

पेंटरीणबाईंची बोटं ओट्याच्या सांध्यावर जाऊन थांबली.

सगळ्या गल्लीत या माणसाला पेंटर म्हणत आणि त्यांच्या बायकोला पेंटरीणबाई. लग्न झालं तेव्हा त्यांना हे नाव मुळीच आवडलं नव्हतं. पुढे सवय झाली. पेंटरांनी जन्मभर बसगाड्यांचे पोचे काढले. धडकलेली, चेपलेली गाडी यायची. तिचे खड्डे ठोकून, लांबी भरून, घासून ते असे काही बुजवायचे की गाडी कुठे आपटली होती हे तिच्या ड्रायव्हरलाही सांगता येऊ नये. काम तपासायची त्यांची एक रीत होती. ते डोळे मिटायचे आणि गाडीच्या अंगावरून पंजा फिरवायचे. हात कुठे अडला की काम नापास. डोळा फसतो, हात फसत नाही, असं ते नव्या कामगारांना सांगायचे.

आणि पेंटरीणबाईंचं सगळं चाललं होतं ते हात अडण्यावर.

दोन-तीन वर्षं झाली होती. आधी समोरच्या माणसाचा चेहरा गेला. कडेकडेचं दिसे, खांदे दिसत, केस दिसत, पण मधोमध जिकडे बघावं तिकडे एक मळका डाग. मग डाग पसरत गेला. त्या एकट्याच जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आल्या. गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं जपा. घरी येऊन त्यांनी सांगितलं, नंबर बदललाय. नवा चष्मा केला, तो लावून त्या तेवढंच बघत जेवढं चष्म्याशिवाय.

स्वयंपाकघरात मात्र त्या राणी होत्या. सिंकपासून बोटं सरकवत निघायचं. दुसऱ्या सांध्यावर सुरी, फुगलेल्या टाइलपलीकडे तेलाची बाटली, उडालेला कोपरा लागला की वीतभर सोडून गॅस. कडेच्या सांध्यापर्यंत भांडं आलं की थांबायचं, पुढे ओटा संपतो. बोटांनाच डोळे फुटले होते म्हणा ना. भाजी चिरताना त्या खिडकीकडे तोंड करून शेजारणीशी गप्पा मारत, आणि शेजारीण म्हणे, “तुम्ही तर न बघता चिरता हो!” त्यावर दोघी हसत. पेंटरीणबाई जरा जास्तच हसत.

हे सगळं लपवायचं कारण त्यांची आई. तिचीही नजर अशीच गेली होती. भावाच्या घरी तिला एक खुर्ची दिली होती. वाईट कुणी वागलं नाही तिच्याशी, उलट सगळे प्रेमाने म्हणायचे, “आई, तू बस.” ताट हातात यायचं, पाणी हातात यायचं. झाडायचं असलं की खुर्चीसकट तिला सरकवायचे. तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचे, जेवली का ती, झोपली का ती. बोलता येणारी बाई हळूहळू बोलायची थांबली. जोवर आपल्या हातचं शिजतंय तोवर आपल्याला कुणी खुर्चीत बसवणार नाही, हे पेंटरीणबाईंनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

लेक गेल्यावर त्यांनी ओटा वाचवायची खटपट केली.

“अहो, वास किती येईल. तुमची छाती आधीच...”

“तोंडाला फडकं बांधतो.”

“खर्च उगाच.”

“खर्च कसला? गॅरेजमधून निघताना आणलेलं सामान आहे. वाळून वाया जाईल नाहीतर.”

“मला आहे तोच आवडतो.”

“इतकी वर्षं मीच ऐकत आलोय ना, ओटा ओटा! आता करतो म्हणतोय तर नको?”

हेही खोटं नव्हतं. डोळे धड होते तेव्हा त्यांनी या ओट्यावरून नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. त्याला वेळ नव्हता तेव्हा यांना हौस होती. आता त्याला वेळ होता. असं असतं आपलं.

शेवटी त्यांनी खरं सांगायचं ठरवलं. पेंटर गॅलरीत उकिडवे बसून लांबीत हार्डनर कालवत होते. कालवायच्या पत्र्याचा खसखस आवाज येत होता आणि ते शीळ घालत होते. पेंटरीणबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

“अहो, ऐका ना.”

“बोल की.” आणि पुढे आपणच म्हणाले, “अगं, हात विसरला नाही बघ. मला वाटलं होतं, आता माझ्याच्याने काही व्हायचं नाही. सकाळी उठायचं कशाला असं वाटायचं. आता बघ, उद्या कधी उजाडतंय असं झालंय.”

चेहरा त्यांना दिसत नव्हता. पण हा आवाज वर्षभरात घरात नव्हता.

“काय म्हणत होतीस?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “सांध्यांत नीट भरा. घाण बसते.”

पेंटर खूश झाले. बायकोला कामातलं कळायला लागलं म्हणून.

काम संपलं. फडकी काढली, खिडक्या उघडल्या. पेंटरांनी बायकोला हाताला धरून ओट्यापाशी नेलं, तिचा पंजा स्वतःच्या हाताने ओट्यावर ठेवला. “डोळे मीट,” ते म्हणाले, “आणि फिरव.”

त्यांनी डोळे मिटले. हात सिंकपासून निघाला आणि निघाला तो थेट भिंतीवर जाऊन आदळला. वाटेत काहीच नव्हतं. दुसरा सांधा नव्हता, फुगलेली टाइल नव्हती, कोपरा नव्हता. थंड, सपाट, कुठलीच खूण नसलेलं काहीतरी. रस्ता चुकलेल्या पोरासारखा त्यांचा हात भिंतीलाच धरून राहिला.

“अडला कुठे?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “कुठेच नाही.”

“मग?”

“काचेसारखा झालाय हो.” डोळ्यांना पाणी आलं. पेंटरांना ते आनंदाचं वाटलं, आणि त्यांच्याही डोळ्यांना आलं.

गल्लीतल्या बायका बघून गेल्या. राखाडी रंग, वर लॅकरची चमक. नवा दगडच म्हणायचा. शेजारणीने आपला ओटा करून मागितला, मग कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकानातलं टेबल. पेंटर सकाळी डबा-ब्रश घेऊन बाहेर पडायला लागले. ताठ चालायला लागले. तक्रार करायला आता पेंटरीणबाईंना तोंडच राहिलं नाही.

एकट्या असताना त्या ओट्याची नवी ओळख करून घ्यायला बघत. भिंतीपासून विती मोजून बघितल्या, पण हातात भांडं असलं की वीत कशी मोजायची? तेलाची बाटली कलंडली. झाकणं आपोआप घसरत जात आणि खाली पडून घरभर वाजत. बोट कापलं. गॅस समजून त्यांनी तापलेला तवा रंगावर टेकवला, तेव्हा पेंटर पहिल्यांदा चिडले. “एवढा राबलो मी, आणि तुला जरा म्हणून जपता येत नाही!” पेंटरांनी तो डाग घासून, पुन्हा रंग देऊन नाहीसा केला. निदान तेवढा एक डाग तरी राहू द्यायचा होता त्यांना.

मग लेक आली ओटा बघायला. “बाबा, कमाल केलीत! आई, आता शोभतं गं घर.” पेंटर दारात उभे राहून कौतुक ऐकत होते. पेंटरीणबाई दूध तापवत होत्या. दूध वर आल्याचा आवाज आला, त्यांनी गॅस बंद केला, चिमट्याने पातेलं उचललं आणि बाजूला ठेवलं. बाजूला म्हणजे कुठे, हे आता सांगणारं काही नव्हतं. पातेलं अर्धं ओट्यावर, अर्धं बाहेर. क्षणभर टेकलं आणि त्या गुळगुळीत कडेवरून सरळ त्यांच्या पावलांवर आलं.

आरडाओरड झाली, पाणी ओतलं, डॉक्टर झाले. घरी परत आल्यावर पायांना पट्ट्या बांधलेल्या आईसमोर लेक येऊन उभी राहिली.

“आई, माझ्या हातात काय आहे?”

पेंटरीणबाईंनी अंदाज बांधला. “फडकं,” त्या म्हणाल्या.

लेकीचा हात रिकामा होता.

“केव्हापासून?” हा पेंटरांचा आवाज.

“झाली दोन-तीन वर्षं.”

“आणि स्वयंपाक? रोजचा स्वयंपाक कसा करत होतीस मग?”

“सांध्यांवर. टाइल्सचे सांधे लागायचे ना हाताला. त्यावरून कळायचं सगळं.”

मग लेक रडत रडत म्हणाली, “आई, आता तू स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाहीस. तू बस.” आणि तिने त्यांना खांद्यांना धरून बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसवलं. प्रेमानेच बसवलं.

थोड्या वेळाने आतून ठोकाठोकी ऐकू आली. पेंटरीणबाई भिंत धरत, भाजलेले पाय फरफटत गेल्या. पेंटर छिन्नी-हातोडी घेऊन ओट्यावर वाकले होते.

“अहो, काय करताय?”

“उघडतो. सांधे उघडतो. एक-दोन तरी.” त्यांना दम लागला होता. “इथेच कुठेतरी असणार.”

पण सांधा कुठे होता, ते आता त्यांनाही सापडत नव्हतं. लांबी दगडासारखी घट्ट बसली होती. ऊन-पावसात धावणाऱ्या गाडीवर वर्षानुवर्षं टिकावी, अशीच ते आजवर भरत आले होते. छिन्नी घसरत होती. जोर लावला तशी एक टाइल भलतीकडेच तडकली.

“राहू द्या,” पेंटरीणबाई म्हणाल्या. “पक्कं काम आहे तुमचं. नाही निघायचं.”

हातोडी थांबली. “सांगायचं होतंस गं,” पेंटर म्हणाले. “एका शब्दाने सांगायचं होतंस.”

“आले होते सांगायला. तुम्ही शीळ घालत होतात.”

पेंटर तिथेच ओट्याला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. त्या उभ्या होत्या. त्यांना खाली बसून नवऱ्याला जवळ घ्यायचं होतं, पण तो नेमका कुठे बसलाय ते कळायला त्याचं रडणं तेवढं होतं, आणि तेही आता त्याने हाताने दाबून धरलं होतं.

लेक काही दिवस राहिली. बाबांना सोपं जावं म्हणून तिने स्वयंपाकघर नव्याने लावलं, वरचं खाली, खालचं वर, आणि रडवेल्या तोंडाने आपल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी पेंटरांनी शिंप्याला नाही म्हणून कळवलं आणि चहा करायला घेतला. पेंटरीणबाई बाहेर खुर्चीत बसल्या होत्या. आतून डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज येत होते. एक डबा, दुसरा, पुन्हा पहिला.

“अगं, साखर कुठे आहे?”

या घरात कात्री, किल्ली, मोजे, दोरा, काहीही हवं असलं की त्यांनाच हाक यायची, आणि मान न वळवता त्या सांगायच्या, अमक्या फळीवर, तमक्याच्या मागे. आताही त्यांनी तोंड उघडलं. हात आपोआप आतल्या दिशेला उठला, थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो खाली घेऊन मांडीवर ठेवला.

“तिला फोन करून विचारा,” त्या म्हणाल्या.