वरच्या कोर्टाचे पेढे

टेक्सासमधल्या कोर्टाच्या पॅसेजमध्ये मीनाक्षीकाकूंनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा मुलाच्या वकिलाच्या, देवयानीच्या हातावर ठेवला.

"काकू, प्लीज! हिअरिंग अजून व्हायचंय."

"आता काय व्हायचंय? हेगच्या जागतिक कोर्टाचा तो जुना निकाल तूच दाखवलास ना? परदेशी माणसाला पकडलं की त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवता येतं, हे त्याला सांगायलाच हवं. सौमित्रला कोणी सांगितलं? वरच्या कोर्टानं म्हटलं, विषय संपला."

काकूंची तीस वर्षं तालुका कोर्टात निकाल टाइप करण्यात गेली होती. वरून निकाल आला की खालच्यांनी मान तुकवायची, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. इथे तर निकाल जगाच्या कोर्टाचा, मग पेढे आधी वाटले तर बिघडलं कुठे!

"इथे तसं नाही, काकू. तो निकाल टेक्सासच्या जजवर बाइंडिंग नाही. मी फक्त रिक्वेस्ट करू शकते."

काकूंनी पुडा पुन्हा बांधायला घेतला. गाठ बसेना.

सौमित्र इथे शिकायला आलेला. लॅबमधल्या चोरीचा आळ आला आणि अकरा तासांच्या चौकशीनंतर, एकदाचं झोपू देतील म्हणून त्याने कबुलीवर सही केली. ती टिकली तर दहा वर्षं तुरुंग.

आत म्हाताऱ्या जजसाहेबांनी निकालाच्या प्रतीकडे चष्म्यावरून पाहिलं.

"हे कोर्ट मला हुकूम देऊ शकत नाही, वकीलबाई."

"नाही, युअर ऑनर."

"मग आणलंत कशाला?"

"तुम्ही वाचावं म्हणून."

काकूंनी डोळे मिटले. सगळं संपलं होतं. पण पानं उलटल्याचा आवाज येऊ लागला आणि वीस मिनिटं थांबलाच नाही.

"मी टेक्सासच्या कायद्यानेच ठरवतोय," जजसाहेब शेवटी म्हणाले. "पण हे वाचून. हाक मारायला आपलं कोणी आहे, हेच ज्याला कळू दिलं नाही, त्याची सही राजीखुशीची म्हणता येणार नाही. कबुली बाद."

आनंदाच्या आधी काकूंना धाक वाटला, देवाच्या गाभाऱ्यात वाटतो तसा. कुणाचा हुकूम नसताना माणूस नमतो, हे त्यांनी तीस वर्षांत टाइप केलं नव्हतं.

बाहेर पडताना त्या दाराशी थबकल्या. पुढचा आरोपी उभा राहिला होता, होंडुरासचा एक रंगारी.

"आधी सांगा," जजसाहेबांनी विचारलं, "तुमच्या वकिलातीला कळवता येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दुभाष्याने प्रश्न सांगितला. रंगाऱ्याने मान हलवली. नाही.

"मग कोर्टाचं काम नंतर. आधी फोन."

काकूंचे हात आपोआप जोडले गेले. पुडा काखेत तसाच राहिला.