आबारावांचा बसलेला गळा

रविवारी संध्याकाळी म्हस्कूच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष अंगणात, बाया स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, पोरं कडब्याच्या गंजीवर, आणि सगळ्यांचे डोळे चौरंगावरच्या रेकॉर्ड प्लेअरवर. वडीगोद्रीत एवढी गर्दी मी एरवी हायवेवर ट्रक उलटला तरच पाहिली होती.

म्हस्कूचे वडील आबाराव धनगरी ओव्या म्हणायचे. मुंबईच्या एका कंपनीनं त्यांची एक रेकॉर्ड काढली होती. सून घरात आली त्याच साली आबाराव गेले, आणि तेव्हापासून त्यांची बायको आसराबाई दर रविवारी ती रेकॉर्ड लावायच्या. आवाज आला की देव आल्यासारखा हळदीचा भंडारा उधळायच्या. सुरुवातीला आबाराव छान गायचे. मग हळूहळू त्यांचा आवाज बिघडत गेला. शब्द घोगरे झाले, वरच्या सुराला तर नुसतं चिरकणं ऐकू यायचं. मेलेल्या माणसाचा गळा बसतो, ही बातमी पंचक्रोशीत पसरायला कितीसा वेळ लागणार? तिच्या वासावर शहागडहून नादबाबा नावाचे मांत्रिक आले.

"ऐकून राह्यले ना?" बाबांनी डोळे फिरवले. "आत्मा तडफडून राह्यला! कुणीतरी गळा दाबलाय त्याचा! डोळे मिटा सगळे. जो उघडंल त्याची नजर गेलीच समजा!"

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. चष्मा मला तसाही लागलेला होता.

बाबांनी सुईचा दांडा उचलला, स्वतःचा अंगठा जिभेला लावला आणि दांड्याखालून फिरवला. स्पीकरमधून आवाज आला, घर्रर्र! बाया दचकल्या.

"गेला! गेला! अडसर गेला! कंठ खुल, जबान खुल!"

दांडा परत खाली आला आणि आबाराव खरंच बरे गाऊ लागले. आसराबाईंनी पदर डोळ्याला लावला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी एकच आरोळी उठली आणि चारी बाजूंनी भंडारा उडाला. बाबांनी तर मूठभर भंडारा फिरत्या रेकॉर्डवरच टाकला. ओवी संपता संपता गळा परत बसला.

"बघितलं? दाबणारं माणूस ह्याच घरात हाय." बाबांचं बोट गर्दीवरून फिरत फिरत गोपिकावर थांबलं. गोपिका म्हणजे म्हस्कूची बायको. "ही आली अन् म्हातारा गेला. अन् हिनं मशीनवरचा भंडारा पुसला. बराबर का न्हाई?"

"पुसला व्हता," आसराबाई म्हणाल्या. "म्या डोळ्यानं बघितलं. भंडारा कधी पुसत्यात का?"

झाला निकाल! सकाळच्या गाडीनं गोपिकाला माहेरी, धावड्याला पोचवायचं आणि परत आणायचं नाही. आणि बाधलेली वस्तू घरात ठेवू नये म्हणून रेकॉर्ड प्लेअर बाबांच्या मठात जायचा. इथे मी कान टवकारले. भूत सुनेत आहे म्हणता, मग मशीन कशाला हवं?

मी पुष्पाबाई, शाळेत विज्ञान शिकवते आणि म्हस्कूच्याच घरातल्या एका खोलीत भाड्यानं राहते. माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत मी कुणाचाच शब्द पटकन खरा धरत नाही. आधी मला विजेचा संशय आला, कारण शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे बल्ब काजव्यासारखा होतो. पण रविवारी बल्ब लख्ख होता. मग बाबांच्या झोळीचा संशय आला. मुद्दाम खेटून बसले तर झोळीत पान-सुपारी आणि बिस्किटाचा पुडा. राहता राहिला तो अंगठा.

गर्दी पांगल्यावर गोपिका वाटी परत द्यायच्या निमित्तानं माझ्या दाराशी आली. तिला दिवस गेले होते, चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, म्या खरंच पुसलं व्हतं. लई साचलं व्हतं सुईला. पन त्या दिशी मामा कसे खणखणीत गायले! आत्याबाईला सांगाया गेलते, तर त्यायनी शिव्याच दिल्या."

मला एकदम स्वतःचीच चीड आली. भिंतीपलीकडून दर रविवारी ऐकत होते, आणि या पोरीला एकदाही विचारलं नव्हतं.

सकाळी ओट्यावर गोपिकाची पत्र्याची पेटी ठेवलेली होती. म्हस्कू मान खाली घालून पेटीला दोरी बांधत होता. बाबा मशीन न्यायला हजर होते आणि तमाशा बघायला निम्मं गाव. मी शाळेतलं भिंग आणि तातेराव मंडपवाल्याकडून मागून आणलेली लग्नातल्या सनईची रेकॉर्ड घेऊन ओसरीवर चढले.

"बाबा, जाण्याआधी हिचं काय ते बघा," म्हणत मी सनई लावली.

सनई लागली आणि अगदी आबारावांसारखीच घोगरली, चिरकली.

"आता गं बया!" गर्दीतून गोजरबाई ओरडली. "हिचा गळा बी गोपिकानंच दाबला का?"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. "बाधा मशीनमधी घुसलीय. हात लावू नका बिलकुल!"

"तेच म्हणते मी, मशीनमध्येच घुसलीय." मी दांडा उचलला आणि बोट सुईवरून फिरवलं. घर्रर्र! "हाच का तुमचा अडसर? सुईला काहीही घासलं की स्पीकर असाच गुरगुरतो. या आसराबाई, तुम्हीच बघा."

भिंगातून त्यांनी पाहिलं. सुईच्या टोकाला पिवळा गोळा घट्ट बसला होता.

"रेकॉर्डवर बारीक रेघा असतात. सुई त्यांच्यात नीट बसली तर आवाज स्वच्छ येतो. तुमचा भंडारा त्या रेघांत भरला आणि सुईला चिकटला. बाबा अंगठ्यानं तेवढा गोळा काढतात, तुम्ही खूश होता. मग स्वतःच मूठभर नवा टाकतात!"

"पन भंडारा पुसायचा न्हाई, मास्तरीणबाई," आसराबाई हटून बसल्या. "पाप लागतं."

"टाकू नका ना. ताटात काढा आणि देवापुढं ठेवा. त्याची जागा तिथंच आहे."

आसराबाईंनी एकदा गोपिकाच्या पेटीकडं पाहिलं. मग आत जाऊन ताट आणलं. मी मऊ ब्रशनं सुई साफ केली. आबारावांची रेकॉर्ड हलक्या हातानं झाडली, तेव्हा पिवळी पूड ताटात पडली. मग रेकॉर्ड साबणाच्या पाण्यानं धुतली आणि सुती फडक्यानं कोरडी केली. तेवढ्यात बाबांना शहागडची कुठलीशी पूजा आठवली, आणि ते झोळी सावरत हायवेकडे सुटले. पायात चप्पल घालायचंही त्यांना सुचलं नाही.

मी सुई खाली ठेवली. ओवी सुरू व्हायच्या आधी आबाराव खाकरले. साधं घसा साफ करणं, पण इतके महिने ते खरखरीत बुडून गेलं होतं.

"ह्यो त्यायचा खाकरा!" आसराबाईंनी तोंडावर हात धरला. "गाया बसले की अस्संच करायचे."

ओवी शेवटपर्यंत खणखणीत वाजली. मग आसराबाई उठल्या, म्हस्कूच्या हातातली दोरी ओढून घेतली आणि सुती फडकं गोपिकाच्या हातात दिलं.

"दर रविवारी तूच पुस. म्या भंडारा देवाला वाहीन, अन् मशीनला हात लावनार न्हाई." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चुकलं माझं, पोरी."

वाचणाऱ्यांनो, तुमचा देव तुमच्या देव्हाऱ्यात सुखानं राहू द्या, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण घरात काही बिघडलं की आधी ते उघडून बघा, एक वस्तू बदलून बघा. डोळे मिटा म्हणणाऱ्याच्या हाताकडं तर डोळे फाडून बघा. आणि घरात नव्यानं आलेल्या मुलीकडं बोट दाखवण्याआधी तिला एकदा विचारा. आमच्या घरात खरं काय ते तिला पहिल्यापासून माहीत होतं, कारण पुसून बघितलं होतं ते तिनंच.