बाबांच्या गाण्यांची नावं

रविवारी दुपारी भोकरच्या घरात लुंबिनीनं टीव्ही लावला, तर बाबांची गाणीच दिसेनात. पडद्यावर नुसतं ‘स्वागत आहे, नवीन लायब्ररी तयार करा’ असं येत होतं.

तिचे वडील रामकिशन गावोगाव भीमगीतं गायचे. ते गेल्यावर तिनं त्यांच्या एकशेचाळीस कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या. गाणं कोणत्या गावचं, ढोलकीवर कोण, कोरसात कोण, हे तिची आई नागुबाई सांगायची आणि लुंबिनी प्रत्येक गाण्याखाली लिहायची. त्यात दोन वर्षं गेली. आता मायला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नव्हतं.

कॉम्प्युटरवरची गाणी टीव्हीवर दाखवणारा मीडिया सर्व्हर लावून दिला होता धाकट्या भावानं, आदर्शनं. लातूरला बसून इंटरनेटवरून तोच तो चालवायचा. तिनं फोन लावला.

“काल अपडेट मारलं ताई. जुनं व्हर्जन होतं.”

“मला इचारलंस?”

“त्यात काय इचारायचं? सगळं उडव अन् नवीन टाक. गाण्याच्या फायली तर हायेत ना.”

“अन् नावं? नावं कोण सांगणार, तू?”

“लिही की परत.”

तिची कानशिलं तापली. “परत? मायला बाबाचं नाव इचारून बघ एकदा! काहीच उडवणार न्हाई मी. तू हातबी लावू नको.”

तिनं फोन आपटला. आतून मायनं विचारलं, “कोणाला बोलून राहिलीस गं?” लुंबिनी कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली.

तिला सर्व्हरमधलं फार कळत नव्हतं. तहसील कचेरीतल्या नोकरीमुळं फायली शोधायची मात्र सवय होती. तिनं सर्व्हर बंद केला आणि डिस्कवरचा एकेक फोल्डर उघडून तारखा बघत गेली. दोन तास गेले. शेवटी एकाच नावाचे दोन फोल्डर सापडले. एक कालचा, रिकामा. दुसरा जुना, भरलेला. अपडेटनं सर्व्हरला नवी जागा दाखवली होती; जुनं सगळं जिथल्या तिथं पडून होतं. तिनं आधी जुन्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मग सेटिंगमध्ये जुनी जागा लिहिली आणि सर्व्हर चालू केला.

गाणी आली. खाली नावंही आली: ढोलकी बालाजी, गाव बिलोली.

तिनं आदर्शला फोन करून कळवलं. तो हसला. “बघ, काहीच गेलं न्हवतं. उगं बोंबललीस.”

“तुझं ऐकलं असतं तर गेलं असतं,” ती म्हणाली. “दोन वर्षांत एका रविवारी तरी आलास का मायजवळ बसायला? अन् तिकडं बसून उडव म्हणतोस?”

तो म्हणाला, “ताई, कामं असतात.”

लुंबिनीनं फोन ठेवला आणि सर्व्हरचा पासवर्ड बदलला. पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला: लॉगिन होईना, नवा पासवर्ड पाठव.

तिनं लिहिलं, “भोकरला ये. मायसमोर बसून माग.”